पारदर्शक झाकणाचा रिले: ८ महिने वापरून

२४ व्होल्ट डीसी कॉइलचा, सॉकेटमध्ये बसणारा रिले, म्हणजे कॉइलला वीज दिली की चालणारा स्विच. झाकण आरपार दिसणारं, आणि मी घेतला तो त्याचसाठी. आतली ठिणगी जाड दिसायला लागली की याचे दिवस भरत आले असं समजायचं.

खोक्यावर १० अँपिअर लिहिलंय, पण ते हीटरसारख्या लोडसाठी. मी लावला डीसी सोलेनॉइड व्हॉल्व्हवर (कॉइलने उघडझाप होणारा व्हॉल्व्ह); पहिला नग ३ महिन्यांत चिकटला. टिचकी मारल्यावर सुटला. उघडला तर एका काँटॅक्टवर (आतलं एकमेकांना टेकणारं धातूचं टोक) खड्डा, समोरच्यावर टेंगूळ. चूक माझीच म्हणा. बंद होताना कॉइल जो व्होल्टेजचा झटका मारते तो जिरवायला व्हॉल्व्हच्या कॉइलला उलटा डायोड जोडला, तेव्हापासून दुसरा नग ठणठणीत आहे.

मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका, जळक्या काँटॅक्टवरही ती वाजते. लोड चालू ठेवून काँटॅक्टच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजा. नव्या नगाला २०च्या आसपास येतात, त्या जुन्याला ३००च्या वर होते. आणि पॉलिश पेपर तर अजिबात मारू नका, वरचा मुलामाच निघून जातो.

तक्रार एकच: सॉकेटची क्लिप ढिली आहे. मोटरच्या हादऱ्याने रिले वर सरकतो, मग पिनाच तापतात. मी केबल टायने आवळून ठेवलाय.