एकाच एक्स्टेंशनचे अपडेट रोखायचे आहे: फायरफॉक्स की क्रोम?

एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. ‘बाकी सगळं अपडेट होऊ दे, हे एक तेवढं आहे तसंच राहू दे’ असं म्हणणाऱ्यांना दोन वाटा आहेत.

खटाटोप पाहिला तर फायरफॉक्समध्ये तो जवळपास नाहीच. अ‍ॅड-ऑन्सच्या यादीत ते एक्स्टेंशन उघडा आणि स्वयंचलित अपडेटचा पर्याय ‘बंद’ करा. क्रोममध्ये असं बटणच नाही. तिथे प्रोफाइलच्या (क्रोम तुमची माहिती ठेवतं त्या) फोल्डरमधून एक्स्टेंशनची प्रत दुसरीकडे काढायची, तिच्यातलं ‘_metadata’ हे फोल्डर उडवायचं, स्टोअरवालं एक्स्टेंशन काढून टाकायचं आणि एक्स्टेंशनच्या पानावरचा डेव्हलपर मोड चालू करून ती प्रत ‘अनपॅक्ड’ म्हणून, म्हणजे स्टोअरऐवजी थेट फोल्डरमधून, चढवायची. काढताना त्याच्या सेटिंग्जही जातात, म्हणून आधी त्या एक्स्पोर्ट करा. डेव्हलपर मोडही पुढे चालूच ठेवा.

अपडेट होऊन गेलं असेल तर? फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवर बहुतेकदा जुन्या आवृत्त्या मिळतात. क्रोमचं स्टोअर फक्त ताजी देतं. जुनी प्रत जपून ठेवली नसेल तर विषय संपला.

सुरक्षेची गोची दोन्हीकडे सारखीच: सुधारणाही अडतात. पण अपडेटची भीती अगदीच अनाठायी नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं एक्स्टेंशन 2020 मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) ठरवून काढून टाकलं.

घरच्या वापराला, अधूनमधून स्वतः अपडेट तपासणाऱ्याला फायरफॉक्स बरा. ऑफिसचं काम क्रोमवरच अडलं असेल आणि फोल्डरांत हात घालायची तयारी असेल, तरच दुसरी वाट धरा. बँकेचे व्यवहार करता त्या प्रोफाइलमध्ये मात्र दोन्ही नकोत.