डेमोत दिसलं ते करारात नव्हतं

हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्या आमच्या समितीत मीही होते. सहीला मीच हो म्हटलं होतं, म्हणून हे लिहितेय.

डेमोच्या दिवशी कंपनीच्या माणसाने दोन मिनिटांत नवा रकाना तयार करून दाखवला. "हवा तसा फॉर्म तुम्हीच बनवा," म्हणाला. आम्ही भुललो. रकाने बनवायचं ते मोड्यूल आमच्या करारात नव्हतंच. हे कळलं तेव्हा सिस्टिम सुरू झाली होती. पुढे प्रत्येक बारीक बदलाला वेगळं कोटेशन.

डायलिसिसच्या सिस्टरांना ड्राय वेटसाठी रकाना हवा होता. अंगातलं जादा पाणी निघाल्यावर पेशंटचं वजन किती असायला हवं, तो हा आकडा. किती पाणी काढायचं ते त्यावर ठरतं. रकाना मिळेना, म्हणून त्या तो शेऱ्यात लिहू लागल्या. कुणी '५२', कुणी '५२ किलो', कुणी 'डीडब्ल्यू ५२'. सहा महिन्यांत तो कसा बदलत गेला ते डॉक्टरांना एका नजरेत दिसेना. शेवटी युनिटमध्ये पुन्हा वही आली.

एचएल७ म्हणजे हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या सिस्टिमांनी एकमेकींना माहिती पाठवायची ठरलेली पद्धत. 'एचएल७ आहे' हे कंपनीचं म्हणणं तर अर्धंच खरं निघालं. नोंदणीचे एडीटी संदेश जायचे, पण लॅबचे निकाल आणणारे ओआरयू संदेश ती सिस्टिम घेतच नव्हती. पोटॅशियमचे आकडे माणसं हाताने टाइप करत होती. त्यात दशांश चिन्ह सरकलं तर? मला त्या काळात झोप लागायची नाही.

सोडायचं ठरवलं तेव्हा घाव बसला. 'डेटा तुमचाच' असं करारात होतं, पण कोणत्या स्वरूपात देणार ते नव्हतं. हाती पडल्या पीडीएफ. लॉइंक ही तपासण्यांच्या कोडची जगभर वापरली जाणारी यादी. तिच्यातला सीरम पोटॅशियमचा कोड २८२३-३ कुठेही ओळखला जातो. आमच्याकडे तीच तपासणी 'पोट', 'के प्लस' आणि 'सीरम के' अशी तीन नावांनी.

तुम्ही निवडत असाल तर डेमोत कीबोर्ड तुमच्या सिस्टरच्या हातात द्या, आणि तुमचाच कागदी फॉर्म बनवून घ्या. जे मोड्यूल वापरलं त्याचं नाव करारात शोधा. एचएल७चे कोणते संदेश येतात-जातात, फायर (एफएचआयआर, एचएल७चंच नवं मानक) असेल तर कोणती आवृत्ती, हे लेखी घ्या. सहीआधी शंभर काल्पनिक पेशंट भरा आणि ती माहिती शेऱ्यांसकट बाहेर काढून मागा. टाळाटाळ झाली तर सही करू नका.

आमच्या दोन सिस्टर अजून त्या पीडीएफ उघडून एकेक ड्राय वेट नव्या सिस्टिममध्ये भरताहेत.