स्वॅम्प अ‍ॅश सांगून बासवुड गळ्यात मारलं

इम्पोर्टेड बेस गिटार घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा. मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून सेकंडहँड गिटार मागवली. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘स्वॅम्प अ‍ॅश बॉडी’ असं होतं, म्हणजे गिटारचं धड स्वॅम्प अ‍ॅश या लाकडाचं, आणि त्या नावावर त्याने किंमत चांगलीच चढवली होती. फोनवरही सगळं लाकडाचंच पुराण. अ‍ॅशमुळे खर्ज घट्ट येतो, वरचे सूर खणखणीत निघतात, बासवुड या दुसऱ्या लाकडाचा आवाज म्हणे मिळमिळीत. पिकअप (तारांचं कंपन टिपून अ‍ॅम्पकडे पाठवणारे भाग) कोणते, असं विचारलं तर ‘ओरिजिनल आहेत’ एवढ्यावर विषय संपवला.

गिटार आली, वाजायलाही बरी होती. म्हणूनच मला संशय आला नाही. तारांची उंची वगैरे नीट बसवायला (सेटअपसाठी) कारागिराकडे दिली, तेव्हा त्याने मागचे चार स्क्रू काढून नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बाजूला केली आणि म्हणाला, ‘हे बघा.’ नेक बसते त्या खाचेत एका कोपऱ्यात रंग पोचला नव्हता. तिथलं लाकूड फिकट, जवळजवळ बिनरेषांचं. नख दाबलं तर खळगा पडला. अ‍ॅश इतकं मऊ नसतं, त्याच्या रेषा ठसठशीत असतात आणि छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. समोरून दिसणाऱ्या सुंदर रेषा म्हणजे बासवुडवर चिकटवलेला अ‍ॅशचा पातळ पापुद्रा होता. कडेला गडद होत जाणाऱ्या सनबर्स्ट रंगाखाली त्याचा जोड बेमालूम लपला होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर: ‘वर अ‍ॅशच आहे ना?’ परत पाठवायची तर वाहतूक माझ्या खर्चाने, आणि भरलेली कस्टम ड्यूटी तो देणार नव्हताच. संताप आला, अजूनही येतो.

बासवुड वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. बासवुडची म्हणून विकली असती तर तक्रार नव्हती. मॅग्नेटिक पिकअप तारेचं कंपन उचलतो. तो ब्रिजपासून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथून) किती अंतरावर आहे, तारा राउंडवाउंड (खरखरीत) की फ्लॅटवाउंड (गुळगुळीत), बोट कुठे पडतं, याने आवाज जितका बदलतो तितका बॉडीच्या लाकडाने बदलताना मी ऐकलेला नाही. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस 1951 मध्ये अ‍ॅशच्या बॉडीत आला, 1956 च्या सुमारास बहुतेक बॉड्या आल्डर या लाकडाच्या झाल्या. चाहते दोन्हींना आहेत. स्टाइनबर्गर कंपनीने तर ग्रॅफाइट वापरून लाकडाशिवाय बेस बनवले. लाकडाचा फरक जाणवतो तो जास्त करून नेकमध्ये. ‘जी’ (G) सुराच्या सर्वांत बारीक तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या पट्टीच्या) आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो डेड स्पॉट वाजवूनच तपासा.

लाकडाच्या नावाचे पैसे मागितले, तर नेक काढून आतल्या खाचेचा आणि मागच्या कंट्रोल कव्हरखालचा (आवाजाच्या बटणांमागच्या झाकणाखालचा) फोटो मागा. बॉडीच्या कडेचा फोटो उजेडात हवा: अखंड लाकडात समोरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात. कड गडद रंगाने झाकलेली असेल तर आतले फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका. सीरियल नंबर घेऊन त्या वर्षी ते मॉडेल कोणत्या लाकडात निघत होतं, हे कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून बघा. वजनावर मात्र विसंबू नका, स्वॅम्प अ‍ॅश आणि बासवुड दोन्ही हलकीच असतात.