बाहेरचा पत्रा मोजला, आतला सडलेला निघाला

घर गरम ठेवण्यासाठी आम्ही वापरलेला कोळशाचा बॉयलर घेतला. विकणाऱ्याने अल्ट्रासोनिक यंत्र (ध्वनीलहरी सोडून जाडी मोजणारं) लावून पत्र्याची जाडी आमच्यासमोर मोजली. मूळ पत्रा ६ मिलिमीटरचा, आकडा आला ५.८. आम्ही निर्धास्त झालो, आणि फसलो.

अशा बॉयलरला दोन भिंती असतात आणि मधे पाणी. झिजते ती आतली, आगीकडची. त्याने मोजली बाहेरची, जिला ना आग लागते ना राख. तीही ताज्या रंगावरून. रंगातून ध्वनी लोखंडापेक्षा बराच हळू जातो, म्हणून साधं यंत्र रंगाचा थरही लोखंडात धरून जाडी फुगवून दाखवतं.

दुसऱ्या थंडीत राखेच्या कप्प्यात पाणी दिसलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "घाम आहे, येतोच." थंड बॉयलर पेटवताना घाम येतो हे खरंच, म्हणून आठवडाभर गप्प बसलो. पण बॉयलर पूर्ण तापल्यावरही पाणी थांबेना आणि दाबाचा काटा रोज खाली. वेल्डरने आतून घासलं, तर मागच्या बाजूला, कोळसा जळतो त्या जाळीच्या पातळीवर, रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली, आणि तिच्याखाली पत्रा जेमतेम २ मिलिमीटर. म्हणाला, "यावर वेल्डिंग धरणार नाही, भोक वाढेल." माझ्या पोटात गोळा आला. मुलं बॉयलरच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच झोपत होती.

कोळशाच्या राखेत गंधक असतं. हंगाम संपल्यावर राख आतच राहिली की ती ओल धरते, आम्ल होतं आणि पत्रा खातं. घर तापवून बॉयलरमध्ये येणारं परतीचं पाणी फार थंड असेल तर धुराचा ओलावा भिंतीवर जमतो आणि तिथेही तेच होतं. म्हणून जाळीची पातळी, राखेचा कप्पा, परतीच्या पाइपाचं तोंड आणि वेल्डिंगच्या कडा आतून उघड्या लोखंडापर्यंत घासून घ्या आणि तिथेच मोजा. हातोडीने हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, झिजलेला किंवा लांबी भरलेला बद्द वाजतो. आतून नवा रंग दिसला तर तो का दिला, हे आधी विचारा.

घेण्याआधी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने थंड पाणी भरून अर्धा तास काटा पाहायला हवा होता (हवा भरून कधीच नाही, पत्रा फुटला तर जीव जाईल). मी तसं म्हणालोही होतो. विकणारा म्हणाला, "जुने सांधे आहेत, उगाच सुटतील."

आणि मी मान डोलावली.