एक भिंत गडद विटकरी, की सगळी खोली फिकी मातकट?

भिंतीला टेराकोटाच, म्हणजे भाजल्या मातीचाच रंग हवा हे घरात एकदा ठरलं की वाद उरतो तो एवढाच. शेडकार्डावर दोन्ही छान दिसतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये मात्र निवाडा उजेड आणि ओल करतात, आणि ते शेडकार्डावर छापलेलं नसतं.

गडद विटकरी रंग अंगावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम पाचवा हिस्सा परत देतो, फिका मातकट निम्म्याच्या आसपास. वरच्या मजल्यावर मोकळी खिडकी असेल तर याचं फारसं काही वाटत नाही. पण समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत असेल, तर गडद खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो. अशा घरात फिकाच रंग द्या. ट्यूब ६५०० केल्विनची पांढरी असेल तर तीही बदला. त्या उजेडात विटकरी रंग मळका, तपकिरी दिसतो. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तो खुलतो.

ओलीचं गणित वेगळं. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आधी ओल धरतात. गडद रंगावर लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, पांढराशुभ्र उठतो. फिक्यावर तोच डाग पाहुण्यांच्या नजरेला पटकन येत नाही. त्यामुळे पश्चिमेला खिडकी असलेल्या हॉलमध्ये मी गडद रंग डोळे झाकून समोरच्या, पूर्वेकडच्या आतल्या भिंतीला देईन. ती कोरडी असते आणि संध्याकाळचं ऊन तिच्यावरच येतं. मागे बाथरूम नाही ना, तेवढं बघा. खिडकीच्याच भिंतीला गडद रंग लावणं म्हणजे ओल आणि अंधार दोन्ही पदरात घेणं.

दहा बाय दहाच्या खोलीची एक भिंत साधारण ९० चौरस फूट, म्हणजे दोन हातांना दीड लिटरच्या आत-बाहेर. गडद शेडला बहुतेक वेळा तिसरा हात लागतो आणि तिचा डबाही महाग पडतो. तरी चारही भिंतींच्या पुट्टी-घासाईपुढे हा खर्च किरकोळच. एका भिंतीसाठी यायला पेंटर कुरकुरतात, ते सोसावं लागतं.

गडद मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग दिसतो सुंदर, पण सोफ्याची पाठ घासली की तिथे चकाकी येते, तेलकट डोकं टेकलं की डाग. हलक्या चमकीचा सॅटिन पुसता येतो, मात्र जुन्या इमारतीतल्या वेड्यावाकड्या प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. फिक्या रंगात हा घोळ कमी. चुन्यात गेरू कालवून देण्याची सध्या हौस आहे. आधीचं इमल्शन, म्हणजे नेहमीचा प्लास्टिक पेंट, पूर्ण खरवडायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. रंग विटण्याची भीती दोन्हींत थोडी, कारण मातकट शेड मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडवर बनतात आणि ते उन्हाला टिकतात. नारिंगीकडे झुकणाऱ्या भडक शेडचा तेवढा भरवसा नाही.

गणपतीआधी रंग काढायचाच हट्ट असेल, तर ती आतली एक भिंत होऊन जाईल. चारही भिंतींचा बेत असेल तर दसऱ्यापर्यंत थांबा. बाहेरच्या भिंती गणपतीपर्यंत वाळलेल्या नसतात आणि ओल्या पुट्टीवरच्या रंगाचे पोपडे पुढच्या पावसाचीही वाट पाहत नाहीत.