प्रोटॉक्स ३.०: उंदरांपुरते विश्वासार्ह

छत्रपती संभाजीनगर परिसरातील एम. फार्म.चे अनेक विद्यार्थी प्रबंधाचा विषय ठरला, की प्राण्यांवरील चाचणीआधी प्रोटॉक्स उघडतात. बर्लिनच्या शारिटे वैद्यकीय विद्यापीठात विकसित झालेले हे विषारीपणाचा अंदाज देणारे संगणकीय साधन मोफत आहे. २०२४ मधील ३.० आवृत्तीत विषारीपणाची ६१ प्रारूपे (मॉडेल्स) आहेत. रेणूची रचना दिली, की प्राणघातक मात्रेचा (एलडी-५०, म्हणजे निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा) अंदाज, विषारीपणाचा १ (सर्वांत विषारी) ते ६ पैकी वर्ग आणि यकृतावरील परिणामाची संभाव्यता समोर येते. शेजारीच माहितीसंचातील मिळतेजुळते रेणू आणि साम्याची टक्केवारी दिसते. हा भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. विद्यार्थी मात्र नेमका तोच सोडून फक्त वर्ग उतरवून घेतात.

वर्गावर विसंबणे किती फसवे आहे, हे पॅरासिटामॉलवरून कळते. तोंडावाटे दिलेल्या पॅरासिटामॉलची एलडी-५० लहान जातीच्या उंदरांत (माउस) किलोमागे ३३८ मिलिग्रॅम, तर मोठ्या जातीच्या उंदरांत (रॅट) १९४४ मिलिग्रॅम अशी नोंदलेली आहे. फरक जवळपास सहापट, तरीही ३०० ते २००० च्या चौथ्या वर्गात दोन्ही आकडे बसतात. उंदरांच्या दोन जातींतच एवढे अंतर असेल, तर हा वर्ग माणसाला लावताना हात आखडता घेतलेलाच बरा.

एलडी-५०चे प्रारूप कृंतकांच्या (उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) नोंदींवर शिकलेले असल्याने त्याची अचूकता ही कृंतकांबाबतचीच अचूकता होय. १९९३ मध्ये हिपॅटायटिस-बीवरील फियालुरिडिन या औषधाच्या माणसांवरील चाचणीत १५ पैकी ५ रुग्ण दगावले आणि दोघांना यकृत-प्रत्यारोपण करावे लागले. आधीच्या प्राणी-चाचण्यांनी हा धोका दाखवला नव्हता. या औषधाला मायटोकाँड्रियात (पेशीतील ऊर्जाकेंद्रांत) नेणारा वाहक माणसाच्या मायटोकाँड्रियाच्या पटलावर असतो, उंदराच्या नसतो, हे पुढे उलगडले. असा फरक यंत्राला शिकवायचा, तर एकाच औषधाचे प्राण्यातील आणि माणसातील निष्कर्ष जोडीने हवेत. अडचण अशी, की प्राण्यांत घातक ठरलेले औषध सहसा माणसापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे उपलब्ध जोड्या मुळातच एकांगी असतात. आणि माणसाविषयी भाकीत करण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही प्रारूपाला मी आधी याच जोड्यांचा हिशेब विचारेन.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. बालाघाटाच्या सीताफळाच्या बियांचा अर्क हा प्रबंधाचा आवडता विषय, पण प्रोटॉक्सला एकेक रेणूच देता येतो. स्क्वामोसिन या त्या बियांतील एका संयुगाची रचना देऊन मिळालेला आकडा अख्ख्या अर्काच्या नावावर लिहिणे चूक आहे, कारण अर्कात इतर संयुगेही असतात आणि त्यांचे प्रमाण बियांगणिक बदलते.

शुद्ध, ज्ञात रेणूसाठी मात्र मी हे साधन निःशंकपणे सुचवतो. प्राण्यांवरील तीव्र विषारीपणाच्या चाचणीसाठीच्या ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार सुरुवातीची मात्रा किलोमागे ५, ५०, ३०० किंवा २००० मिलिग्रॅम यांतून निवडावी लागते. ती निवड या अंदाजाने सुकर होते आणि काही प्राण्यांचे जीव वाचतात. प्राणी-नीतिसमितीच्या अर्जात साम्याची टक्केवारी तेवढी आवर्जून नोंदवावी.