सस्कॅचेवानच्या गावात ट्रक घ्यावा की हायब्रिड? थंडी, पेट्रोल आणि गेलेल्या कार्बन टॅक्सचा हिशेब

एस्टेव्हन, वेबर्न, स्विफ्ट करंट, मूस जॉ. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या अशा एखाद्या गावात नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात सल्ला मिळतो, "इकडे ट्रकच पाहिजे. थंडी बघितलीस का?" ट्रक म्हणजे इथे पिकअप: एफ-१५०, रॅम नाहीतर सिल्व्हराडो. सल्ला देणारा मनापासून देतो, त्याच्या दारात ट्रक उभा असतोच. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "आणि आता तर कार्बन टॅक्सही गेला." एवढ्या दोन वाक्यांच्या भरवशावर साठ-सत्तर हजार डॉलरची गाडी हप्त्यांवर उचलू नये, म्हणून हा हिशेब.

गृहीत धरलंय ते असं: चौघांचं कुटुंब, स्वतःची शेती नाही, वर्षाला २५,००० कि.मी. रनिंग, आणि महिन्यातून एक-दोनदा रिजायना किंवा सास्काटून या मोठ्या शहरांची फेरी. पेट्रोल १.४० डॉलर लिटर आणि डिझेल १.५० डॉलर, हे भाव फक्त आकडेमोडीसाठी. तुमच्या पंपावरचा भाव घालून गुणाकार परत करून बघा.

आधी कार्बन टॅक्सचं उरकून घेऊ

केंद्र सरकारचा इंधनावरचा हा कर सस्कॅचेवानमध्ये १ एप्रिल २०१९ ला लागू झाला, तेव्हा कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० डॉलर होता. प्रांत सरकारने कोर्टात आव्हान दिलं; मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल २०२४ पर्यंत दर टनाला ८० डॉलर झाला होता, म्हणजे पेट्रोलवर लिटरमागे १७.६१ सेंट आणि डिझेलवर २१.३९ सेंट. मार्क कार्नी पंतप्रधान झाल्यावर १ एप्रिल २०२५ पासून तो शून्यावर आला. मोठ्या उद्योगांवरची कार्बन आकारणी हे वेगळं प्रकरण आहे, ते इथे नको.

पंपावर चर्चा व्हायची ती कराची. त्या बदल्यात सरकारकडून खात्यात येणाऱ्या पैशांबद्दल सगळे गप्प. २०२४-२५ मध्ये सस्कॅचेवानमधल्या चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,५०४ डॉलर परत मिळत होते, आणि मोठ्या शहरांच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांना त्यावर २० टक्के जास्त, म्हणजे साधारण १,८०५. तुम्ही किती पेट्रोल जाळलं याच्याशी या रकमेचा काही संबंध नव्हता. ट्रकवाल्यालाही तेवढेच, सायकलवाल्यालाही तेवढेच.

आता गणित बघा. वर्षाला ३,५०० लिटर पिणाऱ्या ट्रकवर पंपावरचा कर व्हायचा सुमारे ६१६ डॉलर, २,००० लिटरच्या हायब्रिडवर ३५२. कर गेला तसे हे पैसे वाचले, पण १,८०५ चा परतावाही गेला. शेवटचा हप्ता एप्रिल २०२५ मध्ये आला. घर गरम करायच्या नैसर्गिक वायूवर प्रांताने जानेवारी २०२४ पासूनच हा कर घेणं थांबवलं होतं, त्यामुळे सस्कॅचेवानमध्ये तिथेही नव्याने काही सुटलं नाही. वाहतुकीमुळे वाढलेल्या किराण्यातला कराचा वाटा यात धरलेला नाही. पण थेट खिशापुरतं बोलायचं, तर कर गेल्याने ट्रक स्वस्त पडू लागला असं नाही, आणि हायब्रिडवाल्याचं नुकसान उलट जास्त झालं.

निर्णयासाठी कामाचा आकडा वेगळाच आहे. कर चालू असताना या दोन गाड्यांमधला कराचा फरक होता वर्षाला २६४ डॉलर. जुन्या योजनेप्रमाणे २०३० मध्ये टनाला १७० डॉलर झाले असते, म्हणजे लिटरला ३७ सेंटांच्या आसपास, तरी तो फरक ५६० पर्यंत गेला असता. आणि नुसत्या इंधनाचा फरक आज, कर शून्य असताना, २,१०० डॉलर आहे. राजधानी ओटावात उद्या कोणाचंही सरकार येवो, गाडी निवडताना लिटर मोजावेत.

लिटरचा हिशेब

नव्या गाडीच्या स्टिकरवर "१०० कि.मी.ला किती लिटर" असं लिहिलेलं असतं. आपल्याला "किती देते?" विचारायची सवय, म्हणून शेवटच्या रकान्यात तेही दिलंय. "धरलेला" आकडा माझा अंदाज आहे: हिवाळा, गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवणं, खडीचे रस्ते, सगळं मिळून.

| गाडी | स्टिकर | धरलेला | वर्षाचे लिटर | वर्षाचा खर्च | कि.मी. प्रति लिटर |
|---|---|---|---|---|---|
| पेट्रोल पिकअप, फोर बाय फोर | १२ ते १२.५ | १४ | ३,५०० | ४,९०० डॉलर | ७ |
| डिझेल पिकअप (हलकी, तीन लिटर इंजिन) | १० | ११.५ | २,८७५ | ४,३०० डॉलर | ८.७ |
| टोयोटा सिएना हायब्रिड (मिनीव्हॅन), ऑल व्हील ड्राइव्ह | ६.८ | ८ | २,००० | २,८०० डॉलर | १२.५ |
| टोयोटा रॅव्ह-४ हायब्रिड (छोटी एसयूव्ही) | ६ | ७.२ | १,८०० | २,५२० डॉलर | १४ |

डिझेलचं एवढ्यावरच सांगतो: रोज शंभरेक किलोमीटर हायवेला जाणार असाल किंवा मागे जड ट्रेलर असेल, तरच विचार करा. गावातल्या गावात चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर धुराचा फिल्टर चोंदतो. एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करायला लागणारं डीईएफ नावाचं द्रव उणे ११ ला गोठतं. टाकीला हीटर असतो, पण बिघडायला ती आणखी एक वस्तू झाली. शेजारचा शेतकरी ट्रॅक्टरमध्ये रंगवलेलं स्वस्त डिझेल घालतो आणि त्याच्या यंत्रांच्या डिझेलला कार्बन टॅक्समधूनही सूट होती. त्याचा हिशेब तुम्हाला लागू नाही.

थंडी नेमकं काय करते

ट्रकचे भक्त म्हणतात, हायब्रिड थंडीत झोपते. यात तथ्य आहे. उणे ७ ला, शहरातल्या छोट्या फेऱ्यांत, साध्या पेट्रोल गाडीचा अ‍ॅव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत साधारण १५ टक्के घसरतो, अगदी जवळच्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. हायब्रिडचा ३० ते ३४ टक्के. कारण साधं आहे: आत बसलेल्यांना ऊब द्यायची तर इंजिन चालू ठेवावंच लागतं, मग बॅटरीवर गाडी चालवून वाचणारं पेट्रोल वाचत नाही. म्हणूनच वरच्या तक्त्यात सिएनाला ६.८ चे ८ केले. पण तिसरा भाग घसरूनही ती ट्रकच्या उन्हाळ्यातल्या आकड्याच्या पुढेच राहते, हे भक्त सांगत नाहीत.

खरा खड्डा पडतो तो इंजिन नुसतं चालू ठेवण्यात. जानेवारीत किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा: पाच-सहा ट्रक कुलूप लावून धूर सोडत उभे असतात, मालक आत दूध घेतोय. पाच लिटरचं इंजिन दहा मिनिटं असं चाललं की अर्धा लिटर जातं. रोजची वीस मिनिटं धरली तर दिवसाला एक लिटर, चार महिन्यांत सव्वाशे लिटरच्या आसपास. म्हणजे पावणेदोनशे डॉलर, जागच्या जागी.

यावर इलाज ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर. इथल्या गाड्यांच्या जाळीतून पुढे एक प्लग लोंबत असतो, तो रात्री भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. पण रात्रभर चालू ठेवायची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास पुरेत. ४०० वॉटचा हीटर तीन तास चालला तर सव्वा युनिट, म्हणजे वीस सेंटांच्या आसपास. उणे २० ला त्याने पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं, आणि बॅटरी व स्टार्टरवरचा ताण कमी होतो तो वेगळाच. वायर काढायला विसरून गाडी रिव्हर्स घेणं हा इथला नवशिक्यांचा ठरलेला प्रताप आहे. वायर आरशाला गुंडाळून ठेवायची सवय लावा.

रस्ता आणि दार

ट्रक की हायब्रिड, याचं उत्तर थंडीपेक्षा तुमच्या दारासमोरच्या रस्त्यात आहे. गावात राहत असाल, रस्त्यावर नगरपालिकेचा बर्फ सारणारा नांगर फिरत असेल आणि कामाला हायवेने जात असाल, तर चांगले विंटर टायर लावलेली सिएना किंवा रॅव्ह-४ पुरते. टायर हा विषय इथे गाडीच्या मेकपेक्षा मोठा आहे. ऑल सीझन टायरचं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं; उणे २५ ला त्यावर फोर बाय फोर गाडी पळते छान, थांबत मात्र नाही. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले चार टायर घ्या, दोन नव्हे.

गावाबाहेर एकरभर जागेतल्या घरात राहणार असाल तर मात्र चित्र पालटतं. इथे मैल-दोन मैलांवर आखलेल्या, ग्रिड म्हणतात अशा खडीच्या रस्त्यांचं जाळं आहे. वादळानंतर तिथे बर्फ सारणारा ग्रेडर यायला वेळ लागतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की रिजायनाच्या आसपासची चिकणमाती चाकांना लपेटते. या मातीला इथे गंबो म्हणतात. आपल्या काळ्या रानातल्या पावसाळी गाडीवाटेवरून ज्याने गाडी काढलीय त्याला जास्त सांगायला नको. सिएनाचं पोट जमिनीपासून जेमतेम १६ सें.मी. वर आहे, सुबारू आउटबॅकचं २२, पिकअपचं साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. घराची वाट पाव किलोमीटर लांब आणि बर्फ काढणारे तुम्हीच, अशी स्थिती असेल तर ट्रकचा आग्रह बरोबर आहे. नसेल तर आउटबॅकसारखी गाडी मधला मार्ग म्हणून बघावी. पेट्रोल ट्रकच्या दोन-तृतीयांश लागतं.

आणखी दोन गोष्टी ट्रकवाले सांगत नाहीत. रिकामा पिकअप मागून हलका असतो, बर्फावर ढुंगण फिरवतो; म्हणून लोक हिवाळ्यात मागच्या चाकांवर वाळूची पोती टाकतात. आणि वादळात रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या हायवे हॉटलाइनवर "प्रवास करू नका" असं आलं की ट्रकनेही घरीच बसायचं असतं.

सामानाचं बघा. सास्काटूनच्या देशी दुकानातून महिन्याचा किराणा आणताना स्विफ्ट करंटला यायला अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. उणे ३० मध्ये उघड्या हौद्यात ठेवलेले बटाटे, कोथिंबीर आणि दुधाचे कॅन घरी पोचेपर्यंत दगड झालेले असतात. मग सगळं आत, मुलांच्या पायाशी. मिनीव्हॅनमध्ये आजी-आजोबांसह सात जण बसूनही मागे पिशव्यांना ऊब मिळते. आई-बाबा सुपर व्हिसावर सहा महिने राहायला येणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचाही विचार करा. ट्रकमध्ये साडी नेसून चढणं ही कसरत आहे; व्हॅनचं सरकतं दार आणि खाली असलेली पायरी यापुढे बाकी सगळे फायदे फिके पडतात.

इलेक्ट्रिकचं काय?

एकच गाडी घेणार असाल आणि राहणार सस्कॅचेवानच्या गावात, तर माझं मत: अजून नको. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९ च्या चाचणीत उणे ७ ला हीटर लावून रेंज ४१ टक्के घटली होती. इथे उणे ७ म्हणजे जॅकेटची चेन उघडी ठेवायचा दिवस. कागदावरचे ४०० कि.मी. तिथे २४० च्या खाली येतात, आणि रिजायना ते स्विफ्ट करंट एका बाजूचं अंतरच सुमारे २४५ आहे. ट्रान्स-कॅनडा हायवेवर चार्जर आहेत, त्याच्या उत्तरेला-दक्षिणेला वळलात की विरळ. शिवाय इथली वीज अजून बरीचशी कोळसा आणि गॅसवर होते, आणि प्रांत इलेक्ट्रिक गाड्यांकडून पेट्रोलवरच्या कराच्या बदल्यात वार्षिक फी घेतो.

दुसरी गाडी म्हणून, गॅरेजमध्ये २४० व्होल्टचा पॉइंट असेल आणि रोजची धाव चाळीस-पन्नास किलोमीटर असेल, तर गोष्ट वेगळी. शेजारच्या मॅनिटोबात ब्रँडन किंवा स्टाइनबाखला असाल तर आणखीच वेगळी. तिथली वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची आणि स्वस्त.

घेताना

नव्या गाडीवर इथे केंद्राचा जीएसटी ५ आणि प्रांताचा पीएसटी ६ टक्के. ६५,००० च्या ट्रकवर ७,१५० डॉलर, ४२,००० च्या रॅव्ह-४ वर ४,६२०. मोठ्या, तेलपिऊ एसयूव्ही आणि व्हॅनवर ग्रीन लेव्ही नावाचा वेगळा केंद्रीय कर आहे, १०० कि.मी.ला १३ लिटर किंवा जास्त लागले की १,००० ते ४,००० डॉलर. पिकअपला त्यातून सूट. तेवढंच पेट्रोल पिणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीवर कर आणि दुसरीवर नाही, हे तर्कशास्त्र मला आजवर कळलेलं नाही, पण मोठी एसयूव्ही बघत असाल तर बिलात ती ओळ शोधा.

सोफा आणायला, घर बदलायला वर्षातून दोन-चारदा ट्रक लागतो. तेव्हा भाड्याने घ्या. सिएनाला बऱ्याच डीलरकडे थांबावं लागतं, म्हणून नोकरी पक्की झाल्या झाल्या नाव नोंदवा, आणि स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा, तेही विचारा. खडीच्या रस्त्यावर याने फरक पडतो. जुनी गाडी ऑन्टारिओ किंवा ब्रिटिश कोलंबियातून आलेली असेल तर जाळीत प्लग आहे का ते आधी बघा. व्हॅन्कुव्हरकडच्या गाडीत ब्लॉक हीटर बहुधा नसतो, आणि असला तरी कधी वापरलेला नसतो. अर्धा तास प्लग लावून इंजिनला हात लावला की कळतं.